पुस्तक उघडतंय, पण वाचता येत नाही

मिरजेहून आत्याचा फोन आला. "अरे, तू पाठवलेलं पुस्तक उघडलं बाबा एकदाचं. पण अक्षर मुंगीएवढं. मोठं करायला गेले तर निम्मी ओळ पडद्याबाहेर. मग बोटाने इकडे ओढा, तिकडे ओढा. मी वाचतेय की खिडकी पुसतेय तेच कळेना."

आत्या पंचाहत्तरीची. दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं झालेली. अक्षर हवं तेवढं मोठं करता यावं म्हणूनच नातवाने तिला सहा इंची ई-रीडर घेऊन दिला होता. आणि मी तिला काय पाठवलं, तर आजोबांच्या कपाटातल्या एका जुन्या प्रवासवर्णनाची स्कॅन केलेली पीडीएफ. म्हणजे यंत्र बरोबर, पुस्तकही बरोबर. चुकला होता तो फॉरमॅट. पुढचे दोन महिने मी त्या एका पुस्तकाच्या मागे लागलो. मराठी ई-पुस्तकांचे जेवढे म्हणून रोग आहेत, ते सगळे त्या एकाच पुस्तकाला होते. तेव्हा त्याच्याच निमित्ताने हे फॉरमॅट प्रकरण एकदा नीट सांगतो.

पीडीएफपासूनच सुरुवात करू, कारण मराठीत 'ई-बुक' म्हटलं की दहापैकी नऊ जणांच्या डोळ्यांसमोर तीच येते. ॲडोबीने १९९३ साली पीडीएफ आणली ती छपाईच्या सोयीसाठी. माझ्या संगणकावर पान जसं दिसतं तसंच ते तुमच्या संगणकावर दिसावं आणि प्रेसमध्येही तसंच छापलं जावं, एवढंच तिचं काम. त्यामुळे पीडीएफच्या आत काय लिहिलेलं असतं, तर अमुक आकृती पानाच्या डाव्या कडेपासून इतक्या अंतरावर, खालून इतक्या उंचीवर ठेव. पुढची आकृती तिच्या शेजारी. बहुतेक पीडीएफना परिच्छेद म्हणजे काय, धड्याचं नाव म्हणजे काय, ओळ कुठे मोडायची, यातलं काहीही माहीत नसतं.

आता जरा हिशोब करून बघा. ए-फोर पान २१ सेंटीमीटर रुंद. सहा इंची रीडरचा पडदा जेमतेम ९ सेंटीमीटर रुंद. पूर्ण पान बसवायचं तर ते साधारण ४३ टक्क्यांवर आणावं लागतं. बारा पॉइंटचा टाइप मग पाच पॉइंटचा होतो. औषधाच्या बाटलीवरच्या सूचना असतात ना, तसा. मोठं करायला गेलात तर पानाचा फोटो मोठा होतो, ओळी नव्याने रचल्या जात नाहीत. आत्याची खिडकी पुसली जात होती ती यामुळे.

याउलट ईपब. हा फॉरमॅट २००७ साली प्रमाणित झाला, आणि तो कुठल्या एका कंपनीचा नाही. आज त्याची देखभाल वेबचे नियम ठरवणारी डब्ल्यूथ्रीसी ही संस्था करते. ते साहजिकही आहे, कारण ईपब म्हणजे खरं तर डब्यात भरलेली छोटीशी वेबसाइट. पटत नसेल तर एक प्रयोग करा. एखाद्या ईपब फाइलची प्रत काढा, नावाच्या शेवटचं 'ईपब' पुसून तिथे 'झिप' लिहा आणि उघडा. आत फोल्डर दिसतील. एकेका प्रकरणाची एकेक वेबपानासारखी फाइल, मुखपृष्ठाचं चित्र, एक अनुक्रमणिका, रंगरूप ठरवणारी एक फाइल, आणि पुस्तकाचं नाव, लेखक, भाषा आणि प्रकरणांचा क्रम नोंदवलेली एक यादी. बस. प्रकरणाच्या फाइलीत 'हे शीर्षक', 'हा परिच्छेद' एवढंच सांगितलेलं असतं. ओळ कुठे मोडायची ते रीडर ठरवतो, तुम्ही निवडलेला अक्षराचा आकार बघून. आत्याने अक्षर तिप्पट केलं तर ओळीत तीन शब्द मावतील, पण ओळ पडद्याबाहेर जाणार नाही.

आता किंडलचं घराणं. मोबी हा फॉरमॅट मोबीपॉकेट नावाच्या फ्रेंच कंपनीचा, पाम नावाच्या खिशातल्या यंत्रांच्या काळातला. ॲमेझॉनने ती कंपनी २००५ साली विकत घेतली आणि २००७ च्या नोव्हेंबरात पहिला किंडल आला तो त्याच पायावर. एझेडडब्ल्यू म्हणजे थोडक्यात ॲमेझॉनच्या दुकानातला मोबी. २०११ मध्ये एझेडडब्ल्यू-थ्री आला. तो आतून ईपबचाच चुलतभाऊ, फक्त डबा वेगळा. त्यानंतर केएफएक्स, जो दुकानातून घेतलेल्या पुस्तकांबरोबर येतो आणि ज्याच्याशी आपल्याला सहसा काही देणंघेणं नसतं. मोबीबद्दल मराठी वाचकाने एवढंच लक्षात ठेवावं की जुन्या मोबीत पुस्तकासोबत फॉन्ट पाठवता येत नाही. यंत्रात देवनागरी फॉन्ट चांगला असेल तर ठीक, नसेल तर चौकोन मोजत बसा. शिवाय ईमेलने किंडलवर पुस्तक पाठवायची जी सोय आहे, तिने २०२२ पासून ईपब घ्यायला सुरुवात केली आणि पाठोपाठ मोबी घेणं बंद केलं. त्यामुळे 'किंडलसाठी मोबी करून घ्या' हा सल्ला कुठे वाचलात तर तो शिळा आहे असं समजा.

इथवर ऐकलं की माणूस म्हणतो, सोपंय की! पीडीएफचं ईपब करून टाकू. इंटरनेटवर फुकट करून देणाऱ्या साइट पैशाला पासरी आहेत. मीही तेच केलं. फाइल टाकली, बटण दाबलं, ईपब आला. उघडला तर दोनशे पानांची दोनशे चित्रं. फॉरमॅट बदलला होता, आतला माल तोच.

मराठी पुस्तकाच्या बाबतीत पहिला प्रश्न असतो तो फाइलच्या पोटात खरोखर काय भरलंय हा. फॉरमॅटचं नंतर बघू. ते ओळखायची एक घरगुती परीक्षा आहे. पीडीएफमधला एखादा शब्द बोटाने किंवा माउसने निवडा, कॉपी करा आणि व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवा. जे दिसेल त्यावरून निदान होतं.

काहीच निवडलं जात नसेल, किंवा पूर्ण पानच एका चौकोनात निवडलं जात असेल, तर ते स्कॅन आहे. नुसता फोटो. आजोबांचं पुस्तक या जातीचं होतं.

शब्द निवडला गेला, पण व्हॉट्सॲपवर इंग्रजी अक्षरांचा काला आला, तर ते युनिकोडच्या (प्रत्येक अक्षराला जगभर एकच ठरावीक क्रमांक देणाऱ्या पद्धतीच्या) आधीच्या फॉन्टमधलं पुस्तक आहे. हा प्रकार मराठीत भरपूर. श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी या मंडळींनी डीटीपीचा सगळा काळ गाजवला, पण त्यांची युक्ती साधी होती. संगणकाला वाटायचं आपण इंग्रजी लिहितोय, आणि फॉन्ट त्या इंग्रजी अक्षराच्या जागी देवनागरी आकृती काढायचा. कृतिदेवमध्ये 'मराठी' हा शब्द प्रत्यक्षात साठवलेला असतो तो ई, जे, के, कॅपिटल बी, एच असा. फॉन्टचा मुखवटा काढला की खालचं इंग्रजी उघडं पडतं. असं पुस्तक ईपबमध्ये नेलं तर रीडर बिचारा प्रामाणिकपणे ते इंग्रजीच दाखवणार. त्याला आधी फॉन्ट-कन्व्हर्टरमधून काढून युनिकोडमध्ये आणावं लागतं. आणि कन्व्हर्टर त्याच फॉन्टचा हवा. कृतिदेवचं कोष्टक श्रीलिपीला लावलं तर निघेल ती तिसरीच भाषा. नशीब एवढंच की हे काम यांत्रिक आहे. कोष्टक बरोबर असेल तर पूर्ण पुस्तक काही सेकंदांत बदलतं आणि मग रफार आणि पहिल्या वेलांटीच्या थोड्या जागा तपासल्या की झालं.

तिसरा प्रकार सगळ्यात फसवा. शब्द कॉपी होतो, देवनागरीतच येतो, पण मोडकातोडका. वेलांटी अक्षराच्या आधी येऊन बसते, जोडाक्षरातलं एखादं अर्धं अक्षर गायब, 'किल्ल्यावर'चं काहीतरी 'िकयावर' होतं. ही युनिकोडमध्येच टाइप केलेली पीडीएफ असते, तरीही असं होतं. कारण वर म्हटलं तेच. पीडीएफ आकृत्या साठवते, अक्षरं नाही. आपण 'कि' लिहितो तेव्हा क आधी आणि वेलांटी नंतर असा क्रम असतो. कागदावर मात्र ती वेलांटी डावीकडे उभी राहते, म्हणून पीडीएफमधून परत वाचताना ती आधी सापडते. 'ल्ल्य' ही तर एकच आकृती असू शकते, आणि ती मुळात कुठल्या अक्षरांपासून बनली याची नोंद पीडीएफ बनवणाऱ्याने ठेवली नसेल तर ती अक्षरं हरवलीच. यावर चांगला उपाय एकच. ज्याने पीडीएफ बनवली त्याच्याकडून मूळ वर्ड फाइल मागायची. संमेलनांच्या स्मरणिका, दिवाळी अंक, मित्राचा छापून घेतलेला कवितासंग्रह, सगळीकडे हेच. वर्ड फाइल असेल तर पीडीएफकडे ढुंकूनही बघू नका. मूळ फाइल मिळाली नाही, तर पीडीएफच्या पानांचे फोटो मानून ओसीआर करणं हे त्या मोडक्या कॉपीपेक्षा कधीही बरं.

ओसीआर म्हणजे फोटोतली अक्षरं ओळखून त्यांचा मजकूर बनवणं. गूगल ड्राइव्हवर पीडीएफ चढवून ती 'गूगल डॉक्स'मध्ये उघडली की ते होतं, आणि मराठी बऱ्यापैकी ओळखलं जातं. टेसरॅक्ट नावाचं मुक्त सॉफ्टवेअरही आहे, त्यात मराठीची वेगळी भाषा-फाइल मिळते. मोठी पीडीएफ असेल तर आठ-दहा पानांचे तुकडे करून द्या, नाहीतर अर्ध्यावरच दम टाकते.

मग येतो खरा घाम. यंत्र 'घ' आणि 'ध'मध्ये घोटाळा करतं, 'भ' आणि 'म'मध्ये करतं, 'व' आणि 'ब'मध्ये करतं. हे अपेक्षितच होतं. मला गंमत वाटली ती दुसऱ्याच एका चुकीची. आमच्या प्रवासवर्णनात लेखक घाटातून जाताना 'सह्याद्रीच्या दऱ्या' बघत होता. ओसीआरनंतर तो 'सह्याद्रीच्या दर्या' बघायला लागला. म्हणजे डोंगरात उभं राहून एकदम समुद्र.

हा अर्धा र, ज्याला आपण चंद्रकोरीसारखा काढतो, हिंदीला लागत नाही. आपल्याला मात्र पदोपदी लागतो. दऱ्या, वाऱ्यावर, सुऱ्या, आचाऱ्यांना. 'आचार्यांना जेवायला बोलावलं' आणि 'आचाऱ्यांना जेवण करायला बोलावलं' यातला फरक या एका रेघेवर उभा आहे. युनिकोडमध्ये तो लिहायच्या दोन वाटा आहेत. एक म्हणजे खाली टिंब (नुक्ता) असलेल्या 'ऱ'चा पाय मोडायचा. दुसरी जुनी वाट म्हणजे साध्या 'र'चा पाय मोडून त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह ठेवायचं. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, म्हणून दोन्ही बरोबर वाटतात. पण फॉरमॅट बदलताना काही सॉफ्टवेअरं 'अदृश्य कचरा' साफ करतात आणि त्यात ते जोडचिन्ह झाडून टाकतात. मग पुस्तकभर दऱ्यांचे दर्या. म्हणून माझा नियम असा की मजकूर हातात आला की पहिल्यांदा जुन्या वाटेचे सगळे चंद्रकोरी र शोधून नव्या वाटेचे करायचे. हे 'शोधा आणि बदला'ने एका फटक्यात होतं. ओसीआरने आधीच बिघडवलेले असतील ते मात्र एकेक डोळ्याने बघावे लागतात, कारण 'सूर्य' आणि 'कार्य' यांना हात लावून चालत नाही.

जुन्या पुस्तकाच्या बाबतीत अजून एक निर्णय असतो. 'कांहीं', 'नाहीं', 'आंत', 'घरांत' ही अनुस्वारांची रांगोळी ठेवायची की पुसायची? शुद्धलेखनाचे नियम १९६२ साली बदलले, त्याआधीच्या पुस्तकांत ती असणारच. ओसीआर त्यातले निम्मे अनुस्वार धूळ समजून सोडून देतं, त्यामुळे एका ओळीत 'कांहीं' आणि पुढच्या ओळीत 'काही' असं दिसायला लागतं. मी ते सगळे परत बसवले. सगळेच करतील असं नाही, पण मला लेखकाच्या तोंडात आपलं व्याकरण घालायला आवडत नाही. शिवाय आत्या शाळेत असताना असंच लिहायची.

मजकूर स्वच्छ झाला की पुढचं काम कॅलिबरचं. कॅलिबर हे फुकट आणि मुक्त सॉफ्टवेअर. कॅलिफोर्नियात भौतिकशास्त्राचं संशोधन करणाऱ्या कोविद गोयल या भारतीय विद्यार्थ्याने ते २००६ साली सुरू केलं, कारण त्याने घेतलेला सोनीचा ई-रीडर त्याच्या लिनक्सवाल्या संगणकाशी बोलेना. तेव्हापासून आजवर जगभरातले ई-पुस्तकवाले त्याच्या खांद्यावर उभे आहेत. दिसायला ते एसटी डेपोच्या वेळापत्रकासारखं आहे, हे मान्य. पण त्यातली चार-पाच बटणंच आपल्याला लागतात.

'ॲड बुक्स'ने फाइल आत घ्यायची. वर्डची 'डीओसीएक्स' फाइल असेल तर उत्तम. प्रकरणांच्या नावांना वर्डमध्येच 'हेडिंग' शैली दिलेली असेल तर अनुक्रमणिका आपोआप तयार होते. नुसती ठळक करून मोठी केलेली असतील तर होत नाही, आणि मग तीस प्रकरणांच्या पुस्तकात आत्या विसावं प्रकरण शोधत पानं उलटत बसते. मग 'एडिट मेटाडेटा'. इथे लोक घाई करतात. पुस्तकाचं नाव आणि लेखक देवनागरीत नीट लिहा आणि भाषेच्या खान्यात मराठी निवडा. तो भाषेचा खाना रिकामा सोडू नका, त्याचं महत्त्व पुढे येईल. लेखकाच्या नावात 'वि. वा.' आणि 'वि.वा.' असा जागेचा फरक राहिला तर कॅलिबरच्या लेखी ते दोन लेखक. आणि नावांचा क्रम लावताना ते इंग्रजी शिरस्त्याने शेवटचा शब्द आडनाव समजून पुढे आणतं, त्यामुळे साने गुरुजी यादीत 'गुरुजी, साने' म्हणून ग अक्षराखाली जाऊन बसतात. शेजारचा 'ऑथर सॉर्ट'चा खाना हाताने दुरुस्त करायचा.

त्यानंतर 'कन्व्हर्ट बुक्स'. उजव्या कोपऱ्यात हवा तो फॉरमॅट निवडा आणि ओके. पीडीएफमधूनच जायची वेळ आली असेल तर कॅलिबरचं स्वतःचं मार्गदर्शनच सांगतं की पीडीएफ हा रूपांतराला सगळ्यात वाईट कच्चा माल आहे. प्रत्येक पानाच्या डोक्यावरचं पुस्तकाचं नाव आणि तळाचा पानक्रमांक मजकुरात शिरतो. 'तो उंबरठ्यावर थबकला आणि ४७ मागे वळून' असं काहीतरी होतं. त्यासाठी 'सर्च अँड रिप्लेस'ची सोय आहे. प्रत्येक छापील ओळ वेगळा परिच्छेद होत असेल तर पीडीएफच्या कप्प्यात ओळी जोडायचा एक आकडा असतो, मुळात ०.४५. तो थोडा कमीजास्त करून बघा. पाऊण तास गेला तरी जमत नसेल तर सोडा आणि ओसीआरकडे वळा. मी सोडायला पाच तास घेतले होते.

कॅलिबर आपली पुस्तकं एका फोल्डरमध्ये लेखकवार ठेवतं. त्या फोल्डरमध्ये स्वतः हात घालून फाइली हलवू नका, नावं बदलू नका. ते स्वयंपाकघर त्याचं आहे.

आता फॉन्ट. रीडरमधला देवनागरी फॉन्ट पुष्कळदा हिंदी वळणाचा असतो. मराठी डोळ्याला ते पटकन खुपतं, विशेषतः 'ल' आणि 'श'. आपला ल दोन गोलव्यांचा, हिंदीतला दांडीला टेकलेला. आपला श पाकळीदार, हिंदीतला गाठीचा. काही चांगल्या फॉन्टांत दोन्ही आकार असतात आणि पुस्तकाची भाषा मराठी आहे असं कळलं की ते आपले ल-श दाखवतात. भाषेचा खाना भरायला सांगितलं त्याचं हे एक कारण. टिरो देवनागरी तर मराठी, हिंदी आणि संस्कृत अशा तीन वेगळ्या फॉन्टांत मिळतो. मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या मंडळींचा 'मुक्त' आणि आयआयटी मुंबईचा 'शोभिका' हेही मुक्त परवान्याचे फॉन्ट आहेत. कॅलिबरमध्ये रूपांतराच्या वेळी 'लुक अँड फील'मध्ये फॉन्ट पुस्तकात बसवायची सोय असते. मग रीडरच्या सेटिंगमध्ये 'पब्लिशर फॉन्ट' निवडला की तोच दिसतो. तिथेच ओळींमधलं अंतर दीडपट करून टाका. इंग्रजीसाठी ठरवलेल्या अंतरात आपले रफार, वेलांट्या आणि उकार एकमेकांच्या अंगावर पडतात.

सगळं झालं, ईपब आत्याच्या रीडरवर पाठवला, आणि पुन्हा फोन. "यात तर फारसीच दिसतंय काहीतरी." फोटो मागवला. फारसी नव्हतं. डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ए, त्यामागे चार पायांच्या कोळ्यासारखं एक चिन्ह, पुन्हा तोच ए, पुन्हा तोच कोळी. पानभर.

हा रोग ओळखायला शिका, कारण तो वरचेवर भेटतो. युनिकोडमधलं प्रत्येक देवनागरी चिन्ह यूटीएफ-एट पद्धतीत तीन बाइटचं होतं. 'मराठी' या शब्दात म, र, काना, ठ, वेलांटी अशी पाच चिन्हं, म्हणजे पंधरा बाइट. वाचणाऱ्या यंत्राला हे सांगितलं नाही तर ते कधीकधी जुन्या युरोपीय पद्धतीने एकेक बाइट सुटा वाचतं आणि पंधरा विचित्र चिन्हं दाखवतं. देवनागरीतल्या निम्म्या चिन्हांचे पहिले दोन बाइट सारखेच असतात, म्हणून तो ए आणि तो कोळी पुन्हा पुन्हा येतात. मजकूर शाबूत असतो, वाचण्याची किल्ली तेवढी चुकलेली असते. पुस्तकाच्या प्रत्येक प्रकरण-फाइलीच्या पहिल्या ओळीत 'हे यूटीएफ-एट आहे' अशी नोंद असलेली बरी. माझ्या ईपबमध्ये ती नव्हती, कारण मधल्या टप्प्यावर मी एका फुकट साइटचा आधार घेतला होता. कॅलिबरमधून तोच ईपब पुन्हा ईपबमध्येच रूपांतरित केला तर ही नोंद आणि बारीकसारीक मोडतोड बहुधा दुरुस्त होऊन येते. ईपबवरून ईपब हे ऐकायला वेडगळ वाटतं, पण हमखास उपयोगी पडतं. ईमेलने पाठवलेलं पुस्तक किंडलने नाकारलं तरीही आधी हेच करून बघा, आणि भाषेचा खाना रिकामा नाही ना तेही. ईमेलने ५० एमबीपर्यंतची फाइल जाते, किंडलच्या वेबपानावरून २०० एमबीपर्यंत. आणि ज्या पत्त्यावरून ईमेल करणार तो आधी मंजूर यादीत घालावा लागतो, नाहीतर पुस्तक पोचतच नाही.

बाकी यंत्रांचं थोडक्यात. कोबो आणि पॉकेटबुकला ईपब थेट चालतो. ॲपलच्या बुक्समध्ये आणि गूगल प्ले बुक्समध्येही. अँड्रॉइडवर चालणाऱ्या ई-इंक (कागदासारखा पडदा असलेल्या) पाट्यांवर हवं ते ॲप टाकता येतं. एखाद्या जुन्या रीडरवर जोडाक्षरं सुटी पडून 'क्त'चं 'क्‌त' होत असेल तर तो दोष पुस्तकाचा नाही, अक्षरं जुळवणाऱ्या इंजिनाचा आहे. तिथे केओरीडर हे मुक्त ॲप चढवता आलं तर बघा, ते देवनागरी नीट जुळवतं. त्यातच स्कॅन केलेल्या पीडीएफसाठी एक भारी सोय आहे. पानाच्या फोटोतले शब्द मोकळ्या जागेवर कापून ते अरुंद पडद्यावर नव्याने रचून दाखवतं. आपल्या शिरोरेषेमुळे शब्द अखंड राहतो आणि कापणी चांगली होते. ओसीआरचा खटाटोप नको असेल तर एवढ्यावर भागतं.

आणि कुलूप लावलेली पुस्तकं. दुकानातून विकत घेतलेल्या ई-पुस्तकांवर बहुतेकदा डीआरएमचं कुलूप असतं, आणि ती या यंत्रावरून त्या यंत्रावर नेता येत नाहीत. हक्कभंगाच्या हेतूने ते फोडणं आपल्याकडे २०१२ च्या दुरुस्तीपासून गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत शिक्षेचा. ॲमेझॉनच्या साइटवरून घेतलेलं कुलूपबंद पुस्तक संगणकावर उतरवून घ्यायची वाटही २६ फेब्रुवारी २०२५ पासून बंद झाली. तेव्हा विकत घेण्याआधीच बघा, कुलूप आहे का. मराठी विकिस्रोतावरची पुस्तकं मात्र थेट ईपबमध्ये उतरवता येतात, कारण तिथे युनिकोड मजकूर आहे आणि बराचसा माणसांनी वाचून तपासलेला. लेखकाच्या मृत्यूनंतरच्या पहिल्या १ जानेवारीपासून साठ वर्षं उलटली की पुस्तक आपल्या कायद्याने मोकळं होतं. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, त्यांचं लेखन २०११ च्या १ जानेवारीला मोकळं झालं.

प्रवासवर्णनाची आता माझ्याकडे एकच मूळ प्रत आहे, ईपबमधली. दुरुस्ती करायची ती तिच्यातच. एझेडडब्ल्यू-थ्री लागला तर तिच्यातून काढायचा, काम झालं की टाकून द्यायचा. पुण्यातल्या काकांना कागदावर हवं होतं तेव्हा पीडीएफही तिच्यातूनच काढली, चौदा पॉइंटात.

परवा आत्याचा परत फोन. "वाचतेय रे. अक्षर छान आहे. पण एक चूक आहे, लिहून घे. नदीची 'धार' पाहिजे तिथे 'घार' झालीय."

"कितव्या पानावर?"

"पानं कुठायत इथे? बारा टक्क्यांवर. कोयनेच्या पुढे लगेच."